सासूबाईंसाठी काउंटीत फोन करायचा की नाही?

पत्र थोडक्यात: न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) राहणाऱ्या एका वाचक बाईंनी लिहिलं आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगी मिडल स्कूलमध्ये. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई सासरे गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, मुलाने स्पॉन्सर केलेल्या ग्रीन कार्डावर इकडे आल्या. पाच वर्षं झाल्यावर त्यांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घेऊन दिलं. ठाण्यातला फ्लॅट त्यांच्या नावावर आहे, फॅमिली पेन्शन चालू आहे, हिवाळ्यात त्या तीन-चार महिने तिकडे जातात. दोन महिन्यांपूर्वी त्या बाथरूममध्ये पडल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून दूध गॅसवर ठेवून विसरणं, तीच गोळी दोनदा घेणं सुरू झालंय आणि दिवसभर घरात त्या एकट्याच असतात. काउंटीकडून काही सोय होते का बघावं, असं बाईंना वाटतं. नवरा म्हणतो, "आमच्या घरात कुणी सरकारपुढे हात पसरले नाहीत, शिवाय आईच्या सिटिझनशिपमध्ये खोडा नको." ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, "सगळे मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) घेतात. फ्लॅट मुलीच्या नावावर करा, त्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतात असं दाखवा, काम होऊन जाईल." बाईंचा प्रश्न: नवऱ्याचं ऐकू, ह्यांचं ऐकू, की सरळ नोकरी सोडून घरी बसू?

तुम्ही दोघं ज्या मदतीवरून घरात वाद घालताय, ती सासूबाईंना बहुधा मिळणारच नाही. आणि जी मिळण्यासारखी आहे, तिच्यात वाद घालावा असं काही नाही. "काउंटीची मदत" हे सगळं एकच गाठोडं आहे असं धरून मिस्टर त्याला लाजतात, ते गृहस्थ ते लाटायला सांगतात आणि तुम्ही मधल्या मध्ये अडकलात. आधी गाठोडं सोडून बघू.

पण त्याच्याही आधी एक. विसरणं पडल्यानंतर सुरू झालं असेल, तर ह्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या आणि पडल्याची तारीख आठवणीने सांगा. म्हातारपणी डोक्याला लागलेला मार आठवड्यांनी लक्षणं दाखवू शकतो. कधी बी-१२ कमी असतं, कधी दोन औषधांचं एकमेकांशी जमत नाही, कधी लघवीचं इन्फेक्शन असतं. ह्यातलं बरंचसं बरं होतं. "वय झालं, आता असंच चालायचं" हे तपासणीनंतर म्हणायचं वाक्य आहे.

आता काउंटीकडे वळू. न्यू जर्सीत २१ काउंट्या आणि त्यांच्या पोटात ५६४ टाउनशिप, बरो, शहरं. सीनियर सेंटर बहुतेक ठिकाणी टाउनशिपचं असतं. घराच्या खरेदीखताची नोंद काउंटी क्लार्ककडे, मृत्युपत्राचं काम काउंटी सरोगेटकडे. गरिबांसाठीच्या योजना आणि ज्येष्ठांसाठीच्या सोयी ह्याही काउंटीतच, पण दोन निरनिराळ्या ऑफिसांत. काउंटी चालवणाऱ्या निवडून आलेल्या मंडळींना २०२० संपेपर्यंत "फ्रीहोल्डर" म्हणायचे. १ जानेवारी २०२१ पासून "कमिशनर" म्हणतात. मतपत्रिकेवर तो जुना शब्द वाचून ही माणसं आपल्या सासूबाईंसाठी काही करत असतील, असं आपल्यापैकी किती जणांच्या डोक्यात आलं असेल?

पहिलं ऑफिस म्हणजे बोर्ड ऑफ सोशल सर्व्हिसेस. मेडिकेड (इथलं नाव एनजे फॅमिलीकेअर), फूड स्टॅम्प म्हणजे स्नॅप (किराण्यासाठीची मदत), रोख मदत, हे सगळं तिथे. इथे उत्पन्न बघतात आणि सासूबाईंच्या वयाच्या माणसांना लागू असलेल्या मेडिकेडमध्ये मालमत्ताही बघतात. स्वतःच्या नावावर काही हजार डॉलरच्या वर काही असलं की प्रकरण अडतं, आणि "मालमत्ता" म्हणजे फक्त अमेरिकेतली नव्हे. ठाण्याचा फ्लॅट, बँकेतल्या एफडी, दर महिन्याची पेन्शन, सगळं सांगावं लागतं. मिस्टरांनी स्पॉन्सर करताना आय-८६४ वर सही केली आहे. त्या सहीचा अर्थ असा की आईंच्या पोटापाण्याची जबाबदारी त्यांनी कायद्याने पत्करली आहे. आई सिटिझन होईपर्यंत किंवा कामाचे ४० क्वार्टर (साधारण दहा वर्षांचं काम) त्यांच्या खात्यावर मोजले जाईपर्यंत ती संपत नाही, आणि अशा योजनांत स्पॉन्सरचं उत्पन्न आईंचंच धरण्याची तरतूद आहे. स्नॅपचं म्हणाल, तर एकत्र खरेदी करून एकत्र जेवणारी माणसं एक कुटुंब धरतात. तुम्हा दोघांचे पगार बघता तो विषय तिथेच मिटला. एसएसआय नावाची वृद्धांची रोख मदत सोशल सिक्युरिटीकडून येते. तिथेही साध्या ग्रीन कार्डधारकाला त्या ४० क्वार्टरची अट आहे, आणि सलग ३० दिवस देशाबाहेर राहिलं की ती थांबते. मग ठाण्याचा हिवाळा विसरा.

दुसरं ऑफिस ज्येष्ठ नागरिकांचं, ऑफिस ऑन एजिंग. पाटीवरचं नाव काउंटीगणिक थोडं वेगळं असेल. १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टखाली ह्या ऑफिसांना केंद्राचा पैसा येतो आणि त्या कायद्याची मुख्य अट वयाची: साठ पूर्ण. त्या पैशातून मिळणाऱ्या जेवणासाठी, गाडीसाठी किंवा सल्ल्यासाठी उत्पन्नाची अट लावता येत नाही. पगार विचारलाच तर तो गरज जास्त कुणाला, हे ठरवण्यापुरता. घरपोच जेवण आणि सीनियर सेंटरवरचं दुपारचं जेवण इथून चालतं. डॉक्टरकडे नेणारी गाडी, कायद्याचा सल्ला, सांभाळणाऱ्यांसाठीची मदत हेही इथेच. जेवणाचे जमेल ते पैसे द्या असं सुचवतात. नाही दिले म्हणून नाकारत नाहीत, आणि तुम्हाला द्यायचेच असतील तर आनंदाने घेतात. मिस्टरांना हे नक्की सांगा. डब्याचे पैसे चुकते करून सीनियर सेंटरवर जेवणं ह्याला हात पसरणं म्हणायचं असेल, तर नगरपालिकेच्या वाचनालयात बसून पेपर वाचणं हेही त्यातच आलं.

मात्र फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका. पैसा मर्यादित, मागणी अमाप. घरी येणाऱ्या मदतनिसांच्या तासांसाठी यादी असते आणि जे एकटे राहतात, ज्यांची हालत जास्त बिकट आहे, त्यांचा नंबर आधी लागतो. लागावाच. घरपोच डबा हा अमेरिकन डबा असतो. शाकाहारी मिळेल का ते विचारा, पण मिळाला तरी वरण-भाताची आस धरू नका. मला विचाराल तर ह्या ऑफिसातली सगळ्यात मोलाची गोष्ट डबा नव्हे, तिथला माणूस. "ऑप्शन्स काउन्सेलिंग" असा शब्द वापरा. म्हणजे काउन्सेलर घरची परिस्थिती ऐकून, कधी घरी येऊन, कुठली सोय कुठे आहे आणि काय विकत घ्यावं लागेल, ते सांगतो.

घरी आलेला माणूस काय बघतो ते सांगते, म्हणजे घाबरायला होणार नाही. तो सासूबाईंना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगेल. औषधांच्या बाटल्या टेबलावर मांडायला सांगेल. कुठल्या बाटलीत किती गोळ्या उरल्यात ह्यावरून त्याला बरंच कळतं. बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि टबापाशी धरायला दांडा आहे का, दारातलं पायपुसणं घसरतं का, रात्री लाइटचं बटण हाताला लागतं का, हे बघेल. आज काय खाल्लं, कुणी केलं, अंघोळ कोण घालतं, असं विचारेल. आपल्या बायकांची इथे एक खोड असते. पाहुणा आला म्हणून घर लख्ख आवरतात, सासूबाईंना इस्त्रीची साडी नेसवतात आणि प्रत्येक प्रश्नाला "हो, सगळं त्या स्वतःच करतात" म्हणतात. तेवढं करू नका. गेल्या महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस कसा होता, ते सांगा. गोळी दोनदा घेतल्याचा वार सांगा. तिथे भिडेखातर झाकलेलं पुढे तुमच्याच अंगाशी येतं.

फोन कुठे करायचा? न्यू जर्सीत कुठूनही ८७७-२२२-३७३७ ह्या क्रमांकावर आपापल्या काउंटीच्या ह्याच ऑफिसशी जोडून देतात. इतर राज्यांतल्या वाचकांसाठी एल्डरकेअर लोकेटरचा देशभराचा क्रमांक ८००-६७७-१११६. ज्येष्ठांखेरीज इतर अडचणींसाठी, म्हणजे घरभाडं थकलं, वीज तोडायची नोटीस आली, घरात मारहाण आहे, अशा वेळी २११ फिरवा. आपल्याकडून गेलेल्या माणसाला दोन सवयी असतात. एक म्हणजे ऑफिसात ओळखीचं कुणी आहे का ते शोधणं; ते इथे लागत नाही. दुसरी म्हणजे अमेरिकेत सगळं आपोआप होतं असा विश्वास. तो इथे बुडवतो. निरोप ठेवला आणि परत फोन आला नाही, तर चार दिवसांनी पुन्हा करा. कुणाशी बोललात, कधी, काय म्हणाले, वहीत लिहून ठेवा. लेखी नकार आला तर त्याच कागदावर दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची ते छापलेलं असतं. तो कागद फ्रिजवर लावा, ड्रॉवरमध्ये नको.

भाषेचं घोडं अनेकांचं अडतं. केंद्राचा पैसा घेणाऱ्या ऑफिसांना इंग्रजी न येणाऱ्या माणसाची सोय बघणं १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टखाली भाग आहे. बहुतेक ठिकाणी फोनवर दुभाषा जोडतात आणि त्याचे पैसे तुम्हाला पडत नाहीत. फक्त "इंडियन लँग्वेज" म्हणू नका. मग हिंदी किंवा गुजराती येईल. स्पष्ट "मराठी" म्हणा आणि थांबायची तयारी ठेवा. तुमच्या मुलीला दुभाषी करू नका. आजीला रात्री कपडे बदलावे लागतात का, हे बारा वर्षांच्या मुलीने भाषांतर करून सांगायचं, हे दोघींसाठीही बरं नाही.

मिस्टरांची सिटिझनशिपची काळजी मात्र अगदीच बिनबुडाची नाही. "पब्लिक चार्ज" नावाची कसोटी आहे, म्हणजे हा माणूस सरकारी मदतीवर जगेल का हे बघणारी, आणि ती सरकार बदललं की बदलते: २०१९ च्या नियमात मेडिकेड आणि स्नॅपही मोजायचे, २०२२ च्या नियमात मुख्यतः रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत कायमचं राहणं एवढंच. पण ही कसोटी ग्रीन कार्ड मिळताना लागते, नागरिकत्वाच्या अर्जाला नाही. ग्रीन कार्डधारक १८० दिवसांहून जास्त देशाबाहेर राहून परतला, तर तो प्रश्न पुन्हा निघू शकतो. तीन-चार महिन्यांच्या ठाण्याच्या फेरीत ती वेळ येत नाही. सीनियर सेंटरचं जेवण, गाडी, काउन्सेलरचा सल्ला हे ह्या कसोटीत कधीच नव्हतं. ज्या कुटुंबांना मेडिकेड किंवा रोख मदत खरोखर घ्यायची आहे, त्यांनी अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला नव्हे.

उलट मी तर म्हणेन, सिटिझनशिपचा अर्ज लवकर करा. पाच वर्षं झाली आहेत. मधल्या प्रवासांच्या तारखा मात्र नीट तपासून घ्या. वयामुळे इंग्रजीची परीक्षा माफ होण्याचे जे नियम आहेत, त्यांना ग्रीन कार्डाची किमान १५ वर्षं लागतात, म्हणजे सासूबाईंना ते लागू नाहीत. आज जमणारी परीक्षा दोन वर्षांनी जमेलच असं नाही. विस्मरणाचं निदान झालंच, तर डॉक्टरांनी भरायचा एन-६४८ हा फॉर्म आहे. त्यावर परीक्षेची सूट मागता येते. नागरिकत्व मिळालं की आय-८६४ ची जबाबदारीही संपते.

राहिले ते गृहस्थ. त्यांना नमस्कार करा आणि विषय बदला. दीर्घकाळच्या देखभालीचं मेडिकेड देताना मागच्या पाच वर्षांतले व्यवहार तपासतात. मुलीच्या नावावर केलेला फ्लॅट तिथे दिसतो आणि त्यापायी काही काळ मदत नाकारली जाते. नसलेलं भाडं दाखवणं म्हणजे सरकारी अर्जावर खोटी सही. ती सही सासूबाईंची असेल, सल्ला देणाऱ्याची नसेल. नागरिकत्वाच्या वेळी चारित्र्य तपासतात, तेव्हा मिस्टरांना ज्याची भीती वाटते तो खोडा खरोखर बसेल. शिवाय ५५ वर्षांनंतर घेतलेल्या मेडिकेडचा खर्च न्यू जर्सी सरकार माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून वसूल करतं, हे असा सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत. ज्यांच्या आईवडिलांकडे खरोखर काही नाही, त्यांनी मेडिकेडला लाजू नये. न्यू जर्सीत "पर्सनल प्रेफरन्स प्रोग्राम" आहे, त्यात मेडिकेडवरच्या माणसाला घरातल्याच कुणाला पगारी मदतनीस नेमता येतं. पण ते सगळं खरी कागदपत्रं देऊन.

मेडिकेअरबद्दल अनेकांचा गैरसमज असतो: रोजची अंघोळ, जेवण, सोबत ह्यांचा खर्च ते देत नाही. पडल्यानंतर डॉक्टरांनी लिहून दिलं तर फिजिओथेरपी मिळते. कुठला प्लॅन घ्यावा ह्यासाठी "शिप" नावाचा मोफत सल्ला काउंटीतच मिळतो, तिथले लोक विमा विकत नाहीत. ज्यांचं मेडिकेअर घ्यायचं राहून गेलं, त्यांना दर वर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च ही खिडकी असते. ॲडल्ट डे केअरला मिडलसेक्समध्ये आपल्याकडच्या जेवणाची, गरब्या-भजनांची केंद्रं आहेत, व्हॅन घरी येते. मेडिकेड नसेल तर स्वतः पैसे भरून जाता येतं. आठवड्यातले दोन-तीन दिवस असे गेले, तरी तुमची निम्मी धास्ती जाईल. आणि पैसे कुठून? ठाण्याच्या पेन्शनमधून का नाही? ती पेन्शन आईंच्या म्हातारपणासाठीच आहे, आणि म्हातारपण आत्ता चालू आहे.

नोकरी सोडायचं मनात आणण्याआधी तुमची पगाराची स्लिप काढा. कपातींमध्ये "एनजे एफएलआय" अशी एक बारीक ओळ दिसेल. तो राज्याचा फॅमिली लीव्ह इन्शुरन्स. २००९ पासून चालू आहे, २०१९ च्या बदलानंतर त्यात सासू-सासरेही येतात. आजारी माणसाच्या देखभालीसाठी सलग १२ आठवडे किंवा तुटक ५६ दिवस, सरासरी पगाराच्या ८५ टक्क्यांपर्यंत, वरच्या मर्यादेत, पैसे मिळतात. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि रजा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. नोकरी राखून ठेवण्याचा कायदा वेगळा आहे, तो कंपनीच्या आकारावर ठरतो. एचआरला दोन्ही विचारा. आणि ही ओळ फक्त तुमच्याच स्लिपवर नाही. मिस्टरांच्याही आहे. आई त्यांची आहे, मग नोकरी सोडायचा पर्याय पत्रात एकट्या तुमच्याच नावावर कसा आला? ह्यावर तुम्ही दोघांनी बोलायला हवं, काउंटीचा काउन्सेलर ह्यात काही करू शकत नाही.

आणखी एक काम आहे, त्याला मुदत कागदावर नाही पण आहे. सासूबाईंना अजून सगळं समजतंय तोवर पॉवर ऑफ ॲटर्नी (पैशाचे व्यवहार त्यांच्या वतीने करण्याचा अधिकार) आणि हेल्थ केअर प्रॉक्सी (उपचारांचे निर्णय त्यांच्या वतीने घेण्याचा अधिकार) करून घ्या. समज गेल्यावर त्यांची सही चालत नाही. मग गार्डियनशिपसाठी, म्हणजे पालकत्व मिळवण्यासाठी, काउंटी सरोगेटच्या ऑफिसातून कोर्टात जावं लागतं, वकील, डॉक्टरांची प्रमाणपत्रं, खर्च आणि महिने. ठाण्याच्या फ्लॅटसाठी भारतातलं मुखत्यारपत्र वेगळं लागेल. काउंटीच्या ज्येष्ठांच्या ऑफिसला मोफत कायदा सल्ल्याबद्दल ह्याच फोनवर विचारून घ्या.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट खटकत राहिली. तुमच्या पत्रात नवऱ्याचं मत आहे, त्या गृहस्थांचं आहे, तुमचं आहे. सासूबाईंना काय हवंय ते कुठेच नाही. त्यांना दिवसभर सोबत हवी आहे, की ठाण्याला परत जायचंय, की नुसता बाथरूममध्ये धरायला दांडा हवाय? त्या नाहीच म्हणाल्या तर तेही ऐकून घ्या आणि महिन्याभराने पुन्हा विचारा. फोन कराल तेव्हा त्यांना शेजारी बसवा, स्पीकर लावा. काउन्सेलर त्यांच्याशी बोलायला मागेलच, आणि त्यांच्या संमतीशिवाय पुढे जाणार नाही. एखाद्या वारी सकाळी, नऊच्या सुमाराला, हाताशी ग्रीन कार्ड, मेडिकेअरचं कार्ड, डॉक्टरांचं नाव आणि औषधांची यादी घेऊन. मिस्टर घरून काम करत असतील तो दिवस निवडा.